टेकलेलं झाड

झाड कापून झालं, पण पडलं नाही.

करवत्याने मशीन बंद केलं, दोन पावलं मागे सरला आणि मान वर करून बघत राहिला. सुरूचं ते उंच, सडपातळ झाड जरासं कललं, त्याचा शेंडा शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकला आणि झाड तिथेच थांबलं. बुंधा अजून खुंटावरच होता. लाकडाच्या एका चिवट पट्टीने त्याला धरून ठेवलं होतं.

"बसलं शेजाऱ्याच्या मांडीवर," करवत्या म्हणाला. "मुकादम, मी सांगत होतो ना, मोकळ्या बाजूनं सुरू करू. तिकडे पडायला जागा आहे. इथे कुठे पडणार हे?"

करवत्याचं बरोबर होतं. दाट वनराई विरळ करायची तर कडेपासून सुरुवात करतात. पहिलं झाड मोकळ्यावर पडतं, त्याच्या रिकाम्या जागेत दुसरं पडतं, असं करत करत आत जायचं. नव्या माणसांना हे तो स्वतःच शिकवत आला होता. आज मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या तो सरळ बैठ्या घरांच्या बाजूला आला होता. हिरव्या खिडकीच्या घरासमोरच्या झाडावर हात ठेवून त्याने सांगितलं होतं, "इथून."

हिरव्या खिडकीचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं.

"दोर काढ," तो आता म्हणाला. "कप्पी लाव. बुंधा मागे ओढून घेऊ, म्हणजे शेंडा आपोआप सुटेल. तासाभराचं काम आहे."

तो तास त्यांना मिळाला नाही. बैठ्या घरांची फाटकं एकामागून एक वाजली आणि माणसं आली. सगळी म्हातारी माणसं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या पायात घरातल्या सपाता. सगळ्यांच्या पुढे निवृत्त पोस्टमास्तर होते. फोन उंच धरून ते येता येताच ओरडत होते, "थांबवा! साहेबांशी बोललोय मी! हा घ्या, तुमचेच साहेब आहेत."

मुकादमाने फोन कानाला लावला.

"काम आहे तिथे थांबवा," साहेब म्हणाले. "खूप तक्रारी आल्यात. मशीन, दोर, माणसं, सगळं परत पाठवा. उद्या सकाळी मी स्वतः येऊन बघतो."

"साहेब, एक झाड अर्धवट राहिलंय."

"अर्धवट कापलंय ना? मग राहू दे उभं."

"उभं नाही साहेब. टेकलंय."

"टेकलंय तर टेकलंय. रात्रीतून कुठे पळून जाणार आहे? आता कशाला हात लावू नका. लावलात तर मी नाही तुम्हाला वाचवू शकणार."

पोस्टमास्तरांनी फोन परत घेतला आणि शर्टाला पुसून खिशात ठेवला.

करवत्याने मशीन गाडीत टाकलं. जाता जाता तो हळूच म्हणाला, "तुम्हीही चला, मुकादम. पडलं कुणाच्या डोक्यावर तर पडू दे. त्यांनीच थांबवलंय."

"तू जा," मुकादम म्हणाला.

टेकलेलं झाड सोडून जायचं नसतं. हा नियम कुठल्या कागदावर आहे की नाही, त्याला माहीत नव्हतं. त्याच्या धंद्यात तो सगळ्यांना ठाऊक असतो. टेकलेलं झाड तासाभरात पडेल, नाहीतर महिनाभर पडणार नाही. त्याची वेळ झाडालाही माहीत नसते. म्हणून ते खाली येईपर्यंत कुणीतरी तिथे थांबायचं आणि येणाऱ्याला लांबून जायला सांगायचं. त्याने चार झाडांना सुतळी बांधली, तिला लाल फडकी लटकवली आणि सुतळीच्या बाहेर उभा राहिला.

ही वनराई बैठी घरं आणि मागच्या उंच इमारती यांच्या मधोमध होती. पूर्वी इमारती नव्हत्या. बैठ्या घरांत तेव्हा मुलांचा नुसता कालवा असायचा आणि वनराईच्या टोकाला त्यांची शाळा होती. मुलं मोठी झाली, कामाधंद्यासाठी लांब गेली आणि शाळा ओस पडून बंद झाली. मग मागे इमारती उठल्या आणि त्यांत दुसरीकडून आलेली कुटुंबं राहायला आली. आता बैठ्या घरांत म्हातारी माणसं होती आणि बाग होती. इमारतींत मुलं होती, पण त्यांना खेळायला हातरुमालाएवढीही जागा नव्हती. बागखात्याने नवा आराखडा केला: बंद शाळेच्या बाजूला खेळाचं मैदान करायचं आणि उरलेली वनराई विरळ करून तिच्यात उजेड येऊ द्यायचा. दोघांचंही भागेल, असं साहेबांना वाटलं होतं.

काल संध्याकाळी त्याच बंद शाळेत बैठक झाली होती.

"झाडं हवीत कशाला?" इमारतीतल्या एका बाईने विचारलं होतं. मोठ्या चष्म्याची, आवाजाला धार असलेली. तिची दोन मुलं तिला बिलगून बसली होती. "दिवसाढवळ्या आत काळोख असतो. मुली एकट्या येऊ शकत नाहीत तिथून. सगळं मोकळं करा."

"तुम्ही काल आलात आणि आज सगळं मोकळं करताय?" पोस्टमास्तर उठून उभे राहिले होते. "आमची दुपारची झोप गेली तुमच्यामुळे. दारावर चेंडू आदळतात!"

"आमच्याकडे मुलं आहेत म्हणून आदळतात. तुमच्याकडे कोण आहे?"

मग सगळे एकदम बोलायला लागले.

त्या गोंधळात साहेबांनी मुकादमाला उभं केलं. "हे तीस वर्षं झाडांचं काम करतात. विरळणी का हवी, ते यांच्याकडून ऐका."

मुकादमाला सभेत बोलायची सवय नव्हती. पहिल्या रांगेत ताई बसली होती. याच शाळेत ती बाई होती. वनराई तिनेच लावून घेतली होती, शाळेच्या मुलांकडून, प्रत्येकाचं एक रोप. बोलायचं ते तिच्याकडेच बघून बोलल्यासारखं झालं.

"कवायतीला मुलं उभी करतात तशी ही झाडं लावलीत," तो म्हणाला. "हात लांब करून अंतर घ्यायचं, तेवढ्याच अंतरावर. मुलं कवायत संपली की पांगतात. झाडं कुठे पांगणार? ती नुसती उंच गेली. अंग धरलंच नाही त्यांनी. आता एक पडलं तर चार घेऊन पडेल."

मागे इमारतीतली माणसं हसली. त्याला हसू आणायचं नव्हतं, पण आलं खरं. चष्मेवाल्या बाईने तर टाळी वाजवली.

ताई उठली. वर्गात उठायची तशी, हळू, टेबलाला हात लावून.

"हा कोण बोलतोय?" तिने साहेबांना विचारलं.

"बाई, हे तुमचे... म्हणजे, तुमचे भाऊच ना हे?"

"माझा भाऊ असता तर माझ्या शाळेत, स्वतःच्या बहिणीला असं बोलला नसता. हा त्या इमारतवाल्यांचा गडी आहे."

आई गेली तेव्हा मुकादम लहान होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून अक्षर काढायला शिकवण्यापर्यंत सगळं ताईने केलं होतं. रात्रभर तो अंथरुणावर तेच वाक्य घोळवत राहिला. सकाळी त्याचा हात हिरव्या खिडकीसमोरच्या झाडावर गेला तो त्यामुळे.

दुपार कलली. बैठ्या घरांपलीकडची दुसरी शाळा सुटल्यावर इमारतींतली मुलं आली. इमारतींकडे जाणारी पायवाट वनराईतूनच जात होती.

"आयला, घसरगुंडी!" एकजण ओरडला. तिरपं झाड बघून पाच-सहा जणांनी दप्तरं खाली टाकली आणि सुतळीकडे धाव घेतली.

"लांब व्हा! मागे!"

मुलं थबकली. त्यांतली एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, बाग काय तुमची आहे?"

"नाही."

"मग?"

मुकादमाने तिच्याकडे बघितलं. ओरडून ही मुलं जातील आणि पाठ वळली की परत येतील, हे त्याला कळत होतं. त्याने दोन मोठ्या मुलांना पुढे बोलावलं.

"तू इथे ताठ उभा राहा. तू जरा लांब पाय रोव आणि याच्या खांद्यावर रेल. हात नाही लावायचे. नुसतं डोकं. असं. आता दोघांनी हलायचं नाही."

बाकीची मुलं गंमत बघत उभी राहिली. थोड्याच वेळात ताठ उभा असलेला कुरकुरला. "काका, खांदा दुखतो."

"अजून थोडं."

"नाही, खरंच दुखतो!" त्याने खांदा काढला आणि रेललेला मुलगा तोंडावर पालापाचोळ्यात पडला. सगळे खिदळले.

"तू खांदा काढणार हे तुला आधी कळलं होतं का?" मुकादमाने पडलेल्याला विचारलं.

"नाही."

"खाली कुणी असतं तर त्याला कळलं असतं?"

मुलीने मान वर केली. वरच्या बेचक्याकडे, मग कापलेल्या बुंध्याकडे बघितलं. "म्हणजे त्या झाडाचा खांदा दुखतोय," ती हळू आवाजात म्हणाली आणि आपणहून मागे सरकली.

तेवढ्यात चष्मेवाली बाई धावत आली. तिने पडलेल्या मुलाचा हात धरून त्याला उभं केलं, त्याचा शर्ट झटकला.

"माझ्या मुलाला का पाडलंत?"

"पाडलं नाही. झाड कसं पडतं ते समजावून..."

"माझ्या मुलाला पाडून? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? काल टाळ्या वाजवल्या तुमच्यासाठी. आज काम बंद! म्हाताऱ्यांनी डोळे वटारले की लगेच शेपूट घातलीत. आणि आता आमच्या मुलांना हुसकावताय!"

"बाई, ते झाड खाली येईपर्यंत दोन दिवस मुलांना मोठ्या रस्त्याने न्या."

"मोठ्या रस्त्याला ट्रक असतात. तिथून नेऊ? तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी. चला रे, या माणसाशी बोलायचं नाही."

मुलं गेली. मुलीने जाताना एकदा वळून झाडाकडे बघितलं.

उन्हं उतरायला लागली तशी बैठ्या घरांकडून पुन्हा माणसं आली. या वेळी पोस्टमास्तरांच्या हातात घडीची खुर्ची होती आणि त्यांच्या मागे ताई. खांद्यावर शाल, हातात पाण्याची बाटली.

पोस्टमास्तरांनी सुतळी उचलली, खाली वाकून आत गेले आणि बुंध्यापाशी खुर्ची उघडून ठेवली.

"तिथे नको!" मुकादम पुढे झाला.

"तुम्ही लोक रात्री येऊन उरलेलं पाडणार, ते माहितेय आम्हाला," पोस्टमास्तर म्हणाले. "आम्ही पाळीपाळीने बसणार. पहिली पाळी बाईंची."

ताई सुतळीखालून आत आली. तिला वाकताना त्रास झाला. मुकादमाने हात पुढे केला, तो न दिसल्यासारखं तिने केलं. खुर्चीवर बसून शाल मांडीवर नीट घेतली.

"ताई, ऐक. दहा पावलं मागे बस. तिथूनही सगळं दिसतं."

"तू सांगशील तिथे बसायचं का आता मी?"

"हे झाड कापून झालंय. वर नुसतं अडकलंय. कधीही येईल खाली."

"मग कापलंस कशाला?"

याचं उत्तर एवढ्या माणसांत सांगण्यासारखं नव्हतं.

"माझ्याच खिडकीसमोरचं सापडलं तुला," ती म्हणाली. "सकाळी पडदा सारला तर तू झाडावर हात ठेवून उभा. माझ्याकडे बघितलंस आणि मग कापायला सांगितलंस. मी बघितलंय."

"चुकलं माझं. आता तरी ऊठ."

"चुकलं म्हणायचं आणि सुटायचं. लहानपणी तेच, आताही तेच."

"तुझ्या पाया पडतो, ताई."

"कालच्या बैठकीत पडायचं होतंस."

मागची माणसं हसली. काल त्याच्या बोलण्यावर इमारतवाले हसले होते, तसंच. पोस्टमास्तर म्हणाले, "बाईंना घाबरवायची ही नवी युक्ती काढलीय. अहो, सकाळपासून पडलं नाही, ते आताच पडायला आलंय?"

वर काहीतरी करकरलं.

दार हळूच लोटल्यासारखा तो आवाज होता. बाकी कुणी वर बघितलं नाही. मुकादम सुतळी तोडून आत गेला. एक हात बुंध्यावर टेकवून त्याने झेप घेतली, ताईचं मनगट धरलं आणि तिला ओढलं. खुर्ची उलटली. ताई गुडघ्यांवर आपटली, तशीच फरफटत चार हात बाहेर आली. तिने दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडावर एक लगावली आणि त्याच क्षणी बुंधा खुंटावरून उडाला. झाड सरळ खाली आलं. खुर्चीची घडी मोडून, सुतळी घेऊन, पायवाटेवर आडवं पडलं. पाठोपाठ शेजारच्या झाडाच्या मोडक्या फांद्या बराच वेळ खाली येत राहिल्या.

धूळ खाली बसली.

मग पोस्टमास्तर ओरडले, "ढकललं! यानं ढकललं!"

"हात लावला होता बुंध्याला! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"बाई मेल्या असत्या! सख्ख्या बहिणीच्या जिवावर उठला!"

आवाज ऐकून इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. तिकडूनही माणसं आली. आपला रस्ता बंद झालेला बघून त्यांनीही मुकादमालाच धारेवर धरलं. कुणीतरी त्याची कॉलर पकडली. दोन्ही बाजूंची माणसं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एका बाजूने बोलत होती.

फोन गेल्यावर साहेब आले, तेव्हा दिवे लागले होते. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी गर्दी मागे सारली, खुंट बघितला, मोडलेली खुर्ची बघितली आणि मुकादमाला विचारलं, "हात लावला होता?"

"लावला. ताईपर्यंत पोचायला. झाड तेव्हा सुटलंच होतं."

"खोटं!" पोस्टमास्तर म्हणाले.

साहेबांनी हात वर केला. ते ताईकडे वळले. तिला कुणीतरी दगडावर बसवलं होतं. मनगट सुजायला लागलं होतं. ते तिने मांडीवर धरलं होतं.

"बाई, सगळ्यात जवळ तुम्ही होतात. तुमचं म्हणणं मी मानेन. झाड आपोआप आलं की यांनी लोटलं?"

मुकादम ताईकडे बघत होता. तिने वर बघितलं होतं, ओढलं जाताना तिचं तोंड वरच होतं, हे त्याला माहीत होतं. बेचक्यातून शेंडा सुटताना तिने बघितला होता.

ताईने एकदा पोस्टमास्तरांकडे बघितलं, एकदा गॅलऱ्यांकडे. मग मांडीवरच्या मनगटाकडे.

"यानं मला ओढलं," ती म्हणाली. "मी पडले. पुढचं मी नाही पाहिलं."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "उद्यापासून तुम्ही रोपवाटिकेत," ते मुकादमाला म्हणाले. "चौकशी होईपर्यंत. वनराईला कुंपण घालून कुलूप लावू. मैदान, विरळणी, सगळं राहू दे आता."

याला कुणाचीच हरकत नव्हती.

"आणि त्या झाडाला हात लावायचा नाही," साहेबांनी बजावलं. "फोटो होईपर्यंत कापायचं नाही, हलवायचं नाही. काय?"

"हो साहेब."

सकाळी रोपवाटिकेत जायच्या आधी मुकादम वनराईत आला. झाड पायवाटेवर आडवं होतं, फांद्यांवर तोललेलं, मुलांच्या छातीएवढं उंच, दोन्हीकडे फांद्यांचं जाळं. ओलांडायला मध्ये एकच जागा होती. त्याने करवत आणली नव्हती. एक मोडकी फांदी टोचण्यासारखी वर आली होती. तिच्यावर त्याने आपला रुमाल गुंडाळला.

शाळेला जाणारी मुलं आली. त्यांच्या मागे आया. मोठ्या रस्त्याने कुणीच गेलं नव्हतं. मुकादमाला बघून सगळ्या थांबल्या. त्याने खोडावर एक पाय टेकवला, खाली वाकला आणि पहिल्या मुलाला काखेत धरून पलीकडे उतरवलं. मग दुसऱ्याला. कालची मुलगी म्हणाली, "मी माझी चढते," आणि चढली, पण उतरताना तिने त्याचं बोट धरलं. चष्मेवाल्या बाईने तोंड दुसरीकडे फिरवून आपली दोन्ही मुलं त्याच्या हातात दिली, दप्तरं पलीकडे टाकली आणि वळून चालू लागली.

बैठ्या घरांकडून ताई आली. मनगटाला पांढरी पट्टी, दुसऱ्या हातात पिशवी. दवाखाना इमारतींच्या पलीकडे होता आणि जवळची वाट हीच होती. खोडाच्या अलीकडे ती उभी राहिली. एका हाताने तिला चढता आलं नसतं.

मुकादम तिच्या बाजूला उतरला. त्याने हात पुढे धरला.

ताईने त्या हाताकडे बघितलं. हाताला डिंक लागला होता, नखांत साल भरली होती. तिच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. मग तिने पिशवी काखेत घेतली, मागे वळली आणि मोठ्या रस्त्याकडे चालायला लागली. तिकडून जायचं तर सगळ्या घरांना वळसा पडत होता. गुडघे दुखत असावेत, कारण ती मध्ये मध्ये कुंपणांना धरत होती.

ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

"काका, उशीर होतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

तो पुन्हा खोडावर चढला आणि त्याने त्या मुलाला उचलून घेतलं.